पोर्ट १

गुरुवार. भोसरीत सकाळपासून वीज गेलेली,
यूपीएस दर मिनिटाला कण्हतोय
आणि पडद्यावरचा साडेतीन मिलिमीटरचा तांब्याचा चौकोन
विचारतोय, मला हलवणार कुठून?

अँटेना काढणं अवघड नाही.
थरातल्या तरंगलांबीच्या जेमतेम निम्मी लांबी,
खाली पाव मिलिमीटरचा थर, त्याखाली जमीन.
अवघड असतं ते हे सांगणं
की ऊर्जा आली कुठून.

सॉफ्टवेअर दोन दारं देतं.

वेव्ह पोर्ट हद्दीच्या भिंतीला लावायचा.
त्यातून येणारी लाट म्हणे फार लांबून, अनंतापासून
याच पट्टीवरून चालत आलेली असते,
वाटेतले खाचखळगे विसरून, स्थिरावून,
वळण लागलेली.
दार लहान ठेवलं तर तिचा पदर चौकटीत अडकतो
आणि पन्नास ओहमचा हिशेब चुकतो.
ऐसपैस ठेवलं तर तिच्यामागून
न बोलावलेली दुसरीच कुणी आत शिरते.
गेल्या महिन्यात मी आठ मिलिमीटर रुंद ठेवलं होतं.
दोन रात्री आलेख शहाण्यासारखा वागेना.
होनराव सरांनी माझ्या मागे उभं राहून चहा संपवला,
मग म्हणाले,
"दार आहे का मांडव?"

लम्प्ड पोर्ट कुठेही बसतो,
पट्टी आणि जमिनीच्या मधोमध, तांदळाच्या कणीएवढा.
त्याला मागचं काही नसतं.
प्रवाह तिथेच जन्मतो आणि लगेच कामाला लागतो.
अठ्ठावीस गिगाहर्ट्झला ती कणीसुद्धा
स्वतःचं वजन टाकते थोडं,
तेवढं मात्र आपणच ओळखायचं.

पहिल्याने दरी दाखवली बरोबर अठ्ठावीसवर.
दुसऱ्याने सत्तावीस पूर्णांक सहा.
चौकोन तोच, थर तोच,
मी फक्त दार बदललं होतं.

(इथल्या मुलाखतीत "कुठच्या तुम्ही?" असं विचारलं
तेव्हा मी म्हणाले होते, पुण्याची.
बार्शीची एसटी, मामाच्या घरातली कॉट,
कासारवाडीच्या वसतिगृहातलं दोन वर्षांचं गार पाणी,
सगळं एका कणीत कापून.
त्यांनी मान डोलावली. माझ्याकडून काही परत उसळलं नाही.)

मग बोर्ड आले, सतरा.
इरफान तांबोळीने भिंगाखाली, श्वास रोखून
कनेक्टर बसवला.
यंत्रावर दरी उमटली: सत्तावीस पूर्णांक चार.
दोन्ही दारांच्या बाहेर.

मी थराची जाडी तपासली, जाळी बारीक केली,
पुरवठादाराला जरा चिडूनच पत्र लिहिलं.
इरफान माझ्या पडद्याकडे बघत होता.
त्याने बोट न लावता विचारलं,
"मॅडम, यात माझा डाख कुठाय?"

नव्हता.
माझ्या चित्रात पट्टी हवेत सुरू होत होती,
कुणी जोडलीच नसल्यासारखी.

आज दिवसभर मी त्याचा डाख काढतेय.
भिंगातून पाहून, डावीकडे जरा फुगलेला,
वर एक टोक, जिथे त्याने सळई उचलली असेल.
मग पिन. मग पिनेभोवतीचं टेफ्लॉन.
दार मागे सरकवत नेलं कनेक्टरच्या तोंडापर्यंत.
तिथे लाट नळीतच असते,
दार नळीएवढं, रुंदीचा प्रश्नच नाही.

यूपीएसने सोडण्याआधी उत्तर आलं.
सत्तावीस पूर्णांक चार पाच.

आणखी मागे जाता आलं असतं.
केबल, यंत्र, भिंतीतला प्लग,
रस्त्यापलीकडचा तो बंद ट्रान्सफॉर्मर
आणि त्याखाली डबा खात बसलेले दोन वायरमन.
कुठेतरी कापावंच लागतं.

उद्या आढावा आहे. सर विचारतील,
पोर्ट इथेच का?
मी सांगणार आहे,
इरफानचा हात इथपर्यंत पोचतो.
त्याच्या मागचं सगळं विकत आणलेलं आहे.